अंगात वारं

मनुष्याला इच्छास्वातंत्र्य आहे की नाही, या प्रश्नावर तत्त्वज्ञांनी दोन हजारांहून अधिक वर्षे खर्च केली आणि निकाल लागला नाही. व्यावसायिक फुटबॉलच्या लीगने तो एका दुपारच्या बैठकीत, चहा आणि बाकरवडी यांच्या दरम्यान, निकालात काढला. बैठकीपुढचा विषय अर्थातच तत्त्वज्ञानाचा नव्हता. ‘चाहूल’ नावाच्या यंत्रणेला मैदानावर परवानगी द्यावी काय, एवढाच होता. प्रक्षेपण कंपन्यांना ती हवी होती. सट्टा कायदेशीर झाल्यापासून पैजा घेणाऱ्यांना तर ती फारच हवी होती. आणि खेळाडूंचा प्रतिनिधी त्या दिवशी वाहतुकीत अडकला होता. परवानगी मिळाली.

चाहूलमागचे विज्ञान नवे नव्हते. आपण बोट हलवतो त्याच्या आधीच मेंदूत त्या हालचालीची तयारी सुरू झालेली असते, हे गेल्या शतकातच जर्मनीतल्या शरीरशास्त्रज्ञांनी दाखवून दिले होते. पुढच्या संशोधकांनी त्यात एक अपमानकारक भर घातली: ‘मी आता बोट हलवतो’ असे आपल्याला वाटण्याच्याही आधी ती तयारी चालू असते. म्हणजे निर्णय होऊन जातो आणि तो घेतल्याची बातमी मालकाला मागाहून कळते. ही तयारी मेंदूत कोंडून राहत नाही. पोटरीत, कंबरेत, मांडीच्या मागच्या स्नायूंत ती अतिसूक्ष्म ताणाच्या रूपाने उतरते. मैदानाभोवती बसवलेली रडारे तो ताण दुरून टिपत. त्या खेळाडूच्या आजवरच्या साऱ्या हालचालींवर पोसलेली गणिती प्रतिकृती त्याचा अर्थ लावी. आणि स्ट्रायकर डावीकडे वळणार की उजवीकडे, हे त्याचे त्याला कळण्यापूर्वी समोरच्या बचावपटूच्या नडगीवर बांधलेल्या पट्टीत त्या बाजूला हलकीशी थरथर उमटे.

गोल आटले. हुलकावणी देण्यात हयात गेलेले स्ट्रायकर एका मोसमात हास्यास्पद झाले, कारण फसवण्याचा बेत हाही शेवटी बेतच असतो आणि पट्टीला तोही कळतो. प्रशिक्षकांनी त्यांना विचार न करता खेळायला सांगितले. विचार न करण्याचा विचार करताना त्यांच्या पोटऱ्या आधीपेक्षा स्वच्छ वाचता येऊ लागल्या. गोल करणे हा ज्यांचा व्यवसाय होता, त्यांतले काही बचावफळीत गेले, काही समालोचनाच्या खोलीत गेले, बरेचसे घरी गेले.

एकटा इंद्रजित हारुगले गोल करत राहिला.

चाहूल येण्यापूर्वी तो बरा स्ट्रायकर होता, इतकेच. कोल्हापुरात, रंकाळ्याच्या वाटेवरच्या गजलक्ष्मी तालमीत वाढलेला. कोल्हापूरबाहेरच्यांना हे समजावून सांगावे लागते की, तिथे फुटबॉलचे संघ तालमींचे असतात. आत कुस्तीचा हौदा आणि भिंतीवरच्या खुंट्यांना फुटबॉलचे बूट. तिथून तो पुण्याच्या ‘मावळ सिटी’ या व्यावसायिक क्लबात आला आणि तीन-चार मोसम राखीव बाकावर सन्मानाने बसला. मग चाहूल आली, इतर सगळे वाचले जाऊ लागले आणि हा मात्र वाचता येईना. पट्टी उजवीकडे थरथरे, बचावपटू उजवीकडे झेप घेई, आणि इंद्रजित चेंडूसह डावीकडून निघून गेलेला असे. वर्तमानपत्रांनी मानवी प्रतिभेने यंत्रावर मिळवलेल्या विजयावर अग्रलेख लिहिले. संपादकांना मानवी आत्म्याचा विजय नेहमीच फार लवकर दिसतो.

कोल्हापूरकरांना अग्रलेखाची गरज नव्हती. तालमीतल्या मोठ्या पडद्यासमोर दिनकर अण्णा, एके काळचे गोलकीपर आणि आता तालमीचे अध्यक्ष, मांडीवर थाप मारून ओरडले, “शिरलं बघा! पोराच्या अंगात वारं शिरलं!” उधळलेल्या खोंडाला आणि कुणाचे न ऐकणाऱ्या तरुणाला तिकडे याच शब्दांत वाखाणतात. महिन्याभरात ती घोषणा झाली. पुढच्या मोसमात मावळ सिटीने ती बनियनांवर छापून विकायला काढली.

घरी, पुण्यातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये, शर्वरीला ते वारं जेवणाच्या ताटावर दिसले. इंद्रजितची ही बायको मूळची गडहिंग्लजची आणि एका शाळेत भौतिकशास्त्र शिकवणारी.

“हात थांबव ना जरा.”

“कुठला हात?”

“हा. ताटावर वाजतोय तो.”

इंद्रजितने स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहुण्याकडे पाहावे तसे पाहिले. “आयला. मला विचारलं पण न्हाई यानं.”

“बाबा गोल मारायच्या आधी असं करतात,” त्यांची मुलगी राजसी म्हणाली. नऊ वर्षांची होती. तिने डावा खांदा खालून वर झटकला, मान तिरकी केली आणि ताटातला फ्लॉवर टेबलापलीकडे लाथाडल्यासारखा ढकलला. नक्कल इतकी हुबेहूब होती की इंद्रजित खो खो हसला. शर्वरी हसली नाही. सामन्यांच्या विश्लेषणात चाहूलच्या चुकांचा आलेख दाखवत. इंद्रजितचा तो आलेख ती गेले तीन मोसम पाहत आली होती.

“इंद्रजित, प्रतिभा अशी सरळ रेषेत वाढते का रे? दर मोसमाला तेवढीच?”

“पगार वाढतो तशी.”

“पगार तुझा कोणीतरी वाढवतं. हे कोण वाढवतंय?”

दिवाळीला सासूबाई कोल्हापुराहून आल्या तेव्हा शर्वरीने तो विषय त्यांच्यापाशी काढला. वैजयंताबाई स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून चकल्यांचा सोऱ्या फिरवत होत्या. इंद्रजितचे वडील तो शाळेत असतानाच गेले, एवढेच शर्वरीला ठाऊक होते.

“काय झालं होतं आई त्यांना?”

“वारं गेलं अंगावरनं.”

“म्हणजे पक्षाघात? एक बाजू लुळी पडली?”

“लुळी कुठली! उलटंच की. घडीभर गप बसवत न्हवतं त्येला. हात हिकडं, मान तिकडं. फौंड्रीत वितळल्या लोखंडाची पळी हातात धरवंना, तवा काढून टाकला. लोक म्हणायचे, प्यालाय. थेंबाला शिवला न्हाई गं त्यो माणूस जल्मात.”

“मग वारं का म्हणता तुम्ही?”

सोऱ्या थांबला. “दुसरं काय म्हणू, सांग की. डॉक्टरनं नाव सांगितलं न्हाई. प्यालाय म्हटलं की माणसं हसत्यात, वारं म्हटलं की हळहळत्यात. मी वारं म्हटलं.”

मराठीत हा शब्द असा दोन्ही डगरींवर उभा आहे. अंगात शिरते तेही वारं आणि अंगावरून जाते तेही वारं. पहिल्याने तारुण्य उधळते, दुसऱ्याने माणूस पडतो तो उठतच नाही. भाषेने दोहोंत फरक ठेवला तो एका प्रत्ययाचा. हारुगल्यांच्या शरीराने तेवढाही ठेवला नव्हता.

मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. लतिका सोमण यांनी रक्त तपासले, मेंदूची चित्रे काढली आणि नवराबायकोला एकत्र बसवून सांगितले. बोलताना त्या कागदाकडे पाहत नसत, समोरच्या माणसाकडे पाहत.

“मेंदूच्या तळाशी पेशींच्या काही गाठी असतात. त्यांना दारवान समजा. एका क्षणी शरीरात दहा हालचाली दाराशी ताटकळत असतात. एकीला आत सोडायचं आणि नऊ जणींना थोपवायचं, हे त्यांचं काम. तुमच्या एका जनुकात दोष आहे. त्यामुळे दारवान हळूहळू मरताहेत. पायाने डावीकडे जायची तयारी केलेली असते. ती चाहूलला दिसते. शेवटच्या क्षणी उजवीकडची हालचाल धक्का देऊन आत घुसते. ती दिसत नाही, कारण ती कोणी ठरवलेलीच नसते.”

“म्हंजे माझा खेळ...”

“तुमच्या पेशी मरण्याची ती खूण आहे, हारुगले. सुरुवातीला थोड्याच मरतात, त्यामुळे बाकी शरीर सांभाळून घेतं आणि बघणाऱ्याला चमत्कार वाटतो. दहाएक वर्षं हा चमत्कार चालतो. नंतर जे होतं ते तुमच्या आईंनी बघितलंय.”

औषध होते. पाठीच्या कण्यातून दर काही महिन्यांनी द्यायचे. ते सदोष जनुकाला गप्प करी. गेलेले परत येत नसे, राहिलेले राही. म्हणून लवकर सुरू करायचे. आज सुरू केले तर इंद्रजित म्हातारा होणार होता, नातवंडांना खांद्यावर घेणार होता.

“फक्त ती शेवटच्या क्षणाची घुसखोरी बंद होईल,” डॉ. सोमण म्हणाल्या. “मला फुटबॉलमधलं कळत नाही. पण तुमचे पाय तुमचं ऐकायला लागतील, एवढं सांगते.”

“आणि चाहूल पायांचं ऐकंल,” इंद्रजित म्हणाला.

शर्वरीने राजसीचे विचारले. शक्यता अर्धी, असे उत्तर आले. अठरा पूर्ण होईपर्यंत मात्र मुलांची जनुकीय चाचणी करायला कायद्याने बंदी होती. ज्याचे शरीर त्याला न कळण्याचाही हक्क असतो, असे कायद्याचे म्हणणे होते. चाचणीशिवाय औषध नव्हते. वाट एकच उरत होती. हालचालींतल्या अगदी प्राथमिक दोषाचा यांत्रिक पुरावा कुणी आणला, तर वैद्यकीय समिती बालपणीच औषधाला परवानगी देई.

“पण इतक्या लहान वयातला दोष डोळ्यांना दिसत नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “तो टिपू शकेल असं यंत्र देशातल्या कुठल्याच रुग्णालयात नाही.”

अशी यंत्रे देशात होती, आणि बरीच होती. ती फुटबॉलच्या मैदानांभोवती बसवलेली होती. मानवी शरीराचे इतके सूक्ष्म वाचन करणारे साधन इतिहासात प्रथमच तयार झाले होते, आणि आपल्या युगाने ते कॉर्नर किकवरच्या पैजांच्या कामी लावले होते.

मावळ सिटीचे संचालक निनाद राजाध्यक्ष यांची खोली मैदानाकडे तोंड करून होती. ते उंची सुती सदरे घालत आणि शिपायालाही अहो-जाहो करत.

“आम्हाला कल्पना होती, इंद्रजित,” ते शांतपणे म्हणाले. “पहिल्या मोसमातच. चाहूल दुसरं काय सांगत होती? तुमचा तो आलेख आमच्या माणसांनी एका मज्जातज्ज्ञाला नाव न सांगता दाखवला. त्यांनी पाच मिनिटांत ओळखलं.”

“मग मला का न्हाई सांगितलं?”

“आम्ही डॉक्टर नाही. निदान करण्याचा अधिकार आम्हाला नाही. सांगितलं असतं तर ते बेकायदेशीर ठरलं असतं.” त्यांच्या आवाजात खोटेपणा नव्हता. नियम पाळल्याचे निखळ समाधान होते. “उपचार हा तुमचा हक्क आहे. उद्या घ्या. एवढंच की, उपचार घेतलेला खेळाडू हा वेगळा खेळाडू असतो आणि आपला करार या खेळाडूशी आहे. अंतिम सामना मे महिन्यात. त्यानंतर देशातला सर्वोत्तम डॉक्टर मी स्वतः तुमच्यासाठी शोधीन.”

“डॉक्टर हाय मला.”

“मग प्रश्नच मिटला. ठरवायचं तुम्हाला आहे.”

संध्याकाळी इंद्रजित घरी आला तो ठरवून आला.

“हा मोसम खेळतो. मग सुया.”

शर्वरी वह्या तपासत होती. पेनचे टोपण लावून तिने पेन बाजूला ठेवले. “सकाळी निघताना उलटं म्हणाला होतास. कधी ठरवलंस?”

“येताना. विद्यापीठाच्या सिग्नलला उभा हुतो, आलं डोक्यात.”

“आलं. बघ, तूच म्हणतोस, आलं.”

“बायकोनं पण पट्टी बांधली काय नडगीला?”

“हसू नकोस. मला खरंच जाणून घ्यायचंय. हे तू ठरवलंस, की शेवटच्या क्षणी काहीतरी धक्का देऊन आत घुसलं?”

“मीच ठरवलं.”

“कशावरून?”

या प्रश्नाचे उत्तर तसे कोणाकडेच नसते. फरक एवढाच की इतरांना तो कोणी विचारत नाही. इंद्रजितने हात दाबून धरावा तसा सोफ्याच्या उशीखाली घातला.

“शर्वरी, औषध घेतलं की मी कोण? चाहुलीनं खाऊन टाकलेला अजून एक. तालमीच्या दारात असले दहाजण बसत्यात, पान खात. एकदा कप घेऊन त्या दारातनं आत जायचंय. अण्णांच्या हातात द्यायचाय. तेवढंच मागतोय.”

“आणि राजसीला कुठला बाप मिळणार?”

“कपवाला.”

“धरता येईल का रे तो तुला?”

तो उठून गॅलरीत गेला. त्याच वेळी कोल्हापुराहून दिनकर अण्णांचा फोन आला. तालमीत कुठलीही बातमी दोन दिवसांपेक्षा जास्त लपत नाही.

“इंद्या, दवाखान्याचं कायतर कानावर आलं. खरं हाय व्हय?”

“हाय अण्णा. थोडं अंगाचं हाय.”

“आरं लेका, वारं शिरलंय ते काढून घ्यायला डॉक्टरकडं निघालास? लोक घालून घ्यायला जातील! ह्ये बघ, गजलक्ष्मीचं पोरगं आजवर फायनलला गेलं न्हाई. तेवढं कर. मग तुला पालखीत घालून दवाखान्यात न्हेतो, हलगी लावून!”

अण्णा मनापासून बोलत होते. त्यांनी त्या पोराला बोटाला धरून हौद्यात उतरवले होते. त्याचे वाईट व्हावे असे त्यांच्या स्वप्नातही आले नसते. राजाध्यक्षांना रोगाचे नाव माहीत होते आणि अण्णांना नव्हते. सल्ला दोघांचा एकच होता.

मोसम चालू राहिला. इंद्रजितने गोल केले. फेब्रुवारीत त्याच्या हातून दाढीचे यंत्र दोनदा पडले. मार्चमध्ये तो राजसीला शाळेत सोडायला निघाला आणि तिला घेऊन लोणावळ्याला पोचला; का, हे त्याला सांगता येईना. राजसीला सुटी मिळाल्याचा आनंद झाला. त्या दिवसापासून शर्वरी गाडीची किल्ली स्वतःपाशी ठेवू लागली. एप्रिलमध्ये तो एका पत्रकाराशी बोलताना वाक्याच्या मध्यावर थांबला, आणि ते थांबणे विनम्रता म्हणून छापून आले.

अंतिम सामना पुण्यातच होता. कोल्हापुराहून गाड्या भरून माणसे आली. दिनकर अण्णांच्या रांगेत वैजयंताबाईंना मानाची जागा दिली होती. उत्तरार्ध संपत आला तरी गोल नव्हता. मग मधल्या फळीतून एक लांब पास आला. इंद्रजितने तो छातीवर घेतला. दोन बचावपटू समोर होते, दोघांच्या नडग्यांवर एकाच बाजूला थरथर उमटली आणि दोघेही एकाच बाजूला गेले. चेंडू दुसरीकडून, पायाच्या बाहेरच्या कडेने, गोलकीपरच्या बोटांवरून आत गेला. इतका सुंदर गोल त्या मैदानावर पूर्वी कोणी केला नव्हता, आणि तोही त्या अर्थाने कोणी केलेला नव्हता.

इंद्रजित कोपऱ्यातल्या झेंड्याकडे धावला. तिथे त्याने हात वर केला. तो हात खाली आला नाही. खांदा उसळला, मान एका बाजूला ओढली गेली, गुडघे आत-बाहेर झाले, दुसरा हात आपल्या मर्जीने हवेत गेला. तो थांबू पाहत होता. पडद्यावर त्याचा चेहरा जवळून दिसत होता आणि ज्याला पाहायचे होते त्याला त्या चेहऱ्यावरची विनवणी दिसत होती. समालोचक म्हणाला, “आणि हा बघा, नवा जल्लोष!”

वैद्यकाने या विकाराला ग्रीक भाषेतला नाचाचा शब्द दिला आहे. प्रेक्षकांना ग्रीक येत नव्हते, तरी त्यांचे भाषांतर अचूक ठरले. आधी कोल्हापूरची रांग उठली, मग अख्खी बाजू, मग सारे मैदान. चाळीस हजार माणसे एक हात वर करून, मान ओढून, गुडघे उसळवून नाचू लागली. हलगीवाल्यांनी त्या झटक्यांत ताल शोधला आणि तो त्यांना सापडला. “वारं शिरलं! वारं शिरलं!”

वैजयंताबाई उभ्या राहिल्या. फौंड्री कामगारांच्या चाळीत, बाजेवर, दोन वर्षे हेच हात आणि हीच मान त्यांनी पाहिली होती. रात्री-अपरात्री धरून ठेवली होती. “गप बसा!” त्या ओरडल्या. “आरं, गप बसा की! ह्यो नाच न्हवं!” हलगीत ते कोणाला ऐकू गेले नाही. म्हाताऱ्या आईला आनंद आवरेना असे वाटून आजूबाजूच्या पोरांनी दोन पावले मागे सरून तिला नाचायला जागा करून दिली.

शिट्टी वाजली. कुटुंबांना मैदानात सोडले. मुले हिरवळीवर चेंडू घेऊन सैरावैरा धावली, राजसीही.

औषध पुढच्या आठवड्यात सुरू झाले. डॉ. सोमण यांनी नवी चित्रे पाहिली. आधी आला असतात तर, असे त्या म्हणाल्या नाहीत. त्या चांगल्या डॉक्टर होत्या. रोग तिथल्या तिथे थांबला. पण त्या सहा महिन्यांत तो बरेच पुढे आला होता. उजवा हात गुडघ्यांत दाबून ठेवल्याखेरीज स्वस्थ राहत नसे, आणि शब्द उशिरा येत, गावाकडच्या एसटीसारखे, येतील याची खात्री पण वेळेची नाही. तालमीत कप गेला. दोघांनी इंद्रजितला कोपरांपाशी धरले होते आणि कप तिसऱ्याने. अण्णांनी तो घेतला, इंद्रजितकडे पाहिले आणि हलगीवाल्यांना खूण करून थांबवले.

मावळ सिटीने त्याला शाल, श्रीफळ आणि सन्मानपत्र देऊन निरोप दिला.

लीगचे मात्र डोळे उघडले होते. विकार हा शब्द क्लबांच्या बोलण्यातून गेला, त्या जागी ‘अनिश्चिततेचा गुण’ आला. कुठल्या गावात, कुठल्या घराण्यात अशी माणसे होऊन गेली, याचा शोध घ्यायला माणसे नेमली गेली. ज्या घरांत सोयरीक करायला लोक कचरत, त्या घरांपुढे चांगल्या गाड्या थांबू लागल्या.

ऑगस्टमधल्या एका रविवारी निनाद राजाध्यक्ष पेढ्यांचा खोका घेऊन हारुगल्यांच्या फ्लॅटवर आले. इंद्रजितची प्रकृती त्यांनी आस्थेने विचारली. शर्वरीने चहा ठेवला.

“राजसी दिसली, वर येताना. खाली खेळतेय.” राजाध्यक्षांनी कप उचलला. “फार सुंदर खेळते. मुलींची लीग पुढच्या वर्षी सुरू होतेय. आम्ही एक प्रबोधिनी काढतोय, दहा-बारा वर्षांच्या निवडक मुलींसाठी. शिक्षण, निवास, सगळं आमच्याकडे. पहिलं नाव आपल्या घरातलं असावं, अशी माझी व्यक्तिशः इच्छा आहे.”

“निवडक म्हणजे कशा?” शर्वरीने विचारले.

“गुणी.”

“तिची चाचणी झालेली नाही. अठरापर्यंत होणारही नाही. अर्धी शक्यता आहे, तिच्यात असेल किंवा नसेल. तुम्ही अर्ध्या शक्यतेसाठी पेढे घेऊन आलात?”

“मी कुठलंही विधान केलेलं नाही, मॅडम. मला ते करता येत नाही.”

शर्वरी त्यांच्याकडे पाहत राहिली. मग तिचा आवाज खाली आला.

“फायनलनंतर मुलं मैदानात होती. तुमची यंत्रणा चालू होती.”

“यंत्रणा चालूच असते.”

“तेव्हा सगळ्या खेळाडूंची मुलं होती तिथे. दुसऱ्या कुणाच्या घरी गेलात?”

राजाध्यक्षांनी चहाचा घोट घेतला. ते सभ्य गृहस्थ होते, आणि कायदाही त्यांनी मोडला नव्हता. न कळण्याचा जो हक्क कायद्याने त्या मुलीसाठी अठरा वर्षे जपून ठेवला होता, तो त्यांनी तिच्या दिवाणखान्यात बसून, एक शब्दही न उच्चारता, संपवला होता.

“ती नोंद आम्हाला द्या,” शर्वरी म्हणाली. “डॉक्टरांच्या समितीला तेवढा पुरावा पुरतो. तिचं औषध उद्या सुरू होईल. तिला काही म्हणजे काही होणार नाही.”

“नोंद क्लबची मालमत्ता आहे. राजसी आमच्या परिवारात आली तर ती आपलीच, अर्थात. फक्त परिवारातल्या मुलींनी विशीपर्यंत उपचारांची घाई करू नये, असं आमचं वैद्यकीय धोरण आहे.” त्यांनी कप बशीत ठेवला. “विशीतही पुष्कळ उरलेलं असतं. इंद्रजितरावांनी थोडा उशीर केला, एवढंच.”

इंद्रजित इतका वेळ गुडघ्यांत हात दाबून बसला होता. त्याचे ओठ हलले, मान ओढली गेली, पुन्हा जागेवर आली. दोघेही थांबले. शब्द वाटेत होता.

“न्हाई,” तो म्हणाला.

राजाध्यक्ष पुढच्या वाक्याची वाट पाहत राहिले.

“न्हाई म्हटलं. जावा.”

“विचार करा. सवडीने करा.” राजाध्यक्ष उठले. त्यांनी इंद्रजितच्या हाताकडे पाहिले, तुच्छतेने नव्हे, जाणकाराच्या नजरेने. “आपलं मत ऐन वेळी बदलतं, हे आमच्याइतकं कुणाला ठाऊक?” दाराशी त्यांनी वाकून चपला घातल्या आणि शर्वरीला नमस्कार केला. खोका टीपॉयवरच राहिला.

लिफ्ट खाली गेल्याचा आवाज आला. आता जे ठाऊक झाले होते ते कोणत्याही समितीपुढे सिद्ध करता येणार नव्हते आणि विसरताही येणार नव्हते. शर्वरीने नवऱ्याचा हात गुडघ्यांतून काढून आपल्या दोन्ही हातांत धरला. तो तिथेही उसळत राहिला.

जिन्यावर धावती पावले वाजली. राजसी घामाने निथळत आत आली, बूट दारात फेकले आणि कोणी काही म्हणायच्या आत खोका उघडून एक पेढा तोंडात टाकला.

“कसले पेढे?” तिने भरल्या तोंडाने विचारले. “कोण जिंकलं?”